टेबलातली नदी, गोखिवऱ्याची हवा

वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून महामार्गाच्या दिशेने निघालं की गोखिवरे लागतं. पाठीशी तुंगारेश्वरचा डोंगर, रस्त्याच्या कडेला औद्योगिक वसाहतींचे गाळे, आणि रिक्षावाले ज्याला नुसतं 'रेंज ऑफिस' म्हणतात तो नाका. समाजमाध्यमांवर दिसणारं निळ्या नदीचं डायनिंग टेबल बनवायला लागणारं जवळपास सगळं अशा औद्योगिक पट्ट्यात हाताशी मिळतं. लाकूड सपाट करणारी मशिनं आहेत, लोखंडी पाय वेल्ड करून देणारे आहेत, पॉलिशवाले आहेत. नाही ती कोरडी हवा. आणि या टेबलाचं सारं गणित नेमकं तिच्यावर बसलेलं आहे.

टेबलाची रचना तशी सोपी. झाडाच्या ओंडक्यातून उभ्या चिरलेल्या दोन जाड फळ्या घ्यायच्या. सालीकडच्या वेड्यावाकड्या कडा रंधून सरळ न करता तशाच ठेवायच्या आणि एकमेकींसमोर मांडायच्या. मधल्या फटीत इपॉक्सी रेझिन ओतायचं. ते घट्ट झालं की दोन काठांमधून नदी वाहते आहे असं दिसतं. नदीचा रंग बहुतेक वेळा निळाच, तोही थेट मालदीवमधून आणल्यासारखा. आपल्या तानसेला आणि वैतरणेला पावसाळ्यात चहाचा रंग येतो, पण तसलं टेबल अजून कोणी मागितलेलं दिसत नाही.

हिशेबासाठी सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन इंच जाड पाटा धरू. मधली नदी सरासरी २५ सेंटिमीटर रुंद धरली तर १८० गुणिले २५ गुणिले ५, म्हणजे साडेबावीस लिटर रेझिन लागतं. त्याचं वजन भरतं २५ किलोच्या आसपास. उरलेलं लाकूड सागाचं असेल तर आणखी अडतीसेक किलो. म्हणजे पाय सोडून नुसता पाटाच साठ किलोंच्या पुढे जातो. लिफ्टमध्ये तो उभा मावेल का, हे ऑर्डर देण्याआधी टेप लावून बघितलेलं बरं.

नैसर्गिक कड राखण्याची आवड मात्र इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. ती जगभर रुजवण्यात जॉर्ज नाकाशिमा या जपानी वंशाच्या अमेरिकी वास्तुरचनाकाराचा आणि सुताराचा मोठा वाटा होता. हा माणूस १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात पाँडिचेरीत होता. श्री अरविंद आश्रमाच्या 'गोलकोंड' या वसतिगृहाच्या बांधकामावर त्याने देखरेख केली आणि तिथेच त्याला 'सुंदरानंद' हे नाव मिळालं. पुढे १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही त्याने फर्निचर केलं. फळीला भेग असेल तर नाकाशिमा ती लपवत नसे. डमरूच्या आकाराची लाकडी चावी आडवी बसवून तो ती तिथेच थोपवत असे, आणि भेग उघडी राहत असे. नदीची कल्पना अलीकडची. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ग्रेग क्लासेनची टेबलं मागच्या दशकात गाजली, पण त्यांतली नदी निळ्या काचेची होती. काचेला लाकडाच्या कडेबरहुकूम कापावं लागतं. रेझिन आपोआप प्रत्येक खाचेत शिरतं, म्हणून बाजारात तेच चाललं.

रेझिन आपल्या घरांनाही नवीन नाही. गळक्या नळाला लावायचं एम-सील इपॉक्सीच, आणि दोन ट्यूब मिसळून वापरायचं अॅराल्डाइटही. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां १९३०च्या दशकात कृत्रिम दातांसाठी टिकाऊ पदार्थ शोधत होता, त्यातून हे रसायन पुढे आलं. सिबा कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९४६ मध्ये अॅराल्डाइट हा गोंद लोकांसमोर आणला. भारतात त्याचा धागा गोखिवऱ्याजवळून जाणाऱ्या महामार्गालाच बांधलेला आहे. तो धरून उत्तरेला गेलं की वलसाड लागतं, आणि १९४७ साली स्थापन झालेली तिथली अतुल कंपनी आजही इपॉक्सी रेझिन बनवते. गंमत म्हणजे मुंबईच्या वखारींमध्ये जुन्या लोकांच्या तोंडी असलेला 'बलसाड साग' याच गावाच्या नावाने विकला जाई.

आता पाण्याकडे वळू. लाकूड कापल्यावरही श्वास घेतं म्हणतात, ते काही केवळ कवींचं बोलणं नाही. भोवतालच्या हवेत जितकी वाफ, त्या प्रमाणात ते पाणी शोषतं किंवा सोडतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावतं. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तेच १८ टक्क्यांच्या आसपास चढतं. इपॉक्सी ओतायला १२ टक्क्यांच्या खालचं लाकूड हवं, ८ ते १० असेल तर उत्तम. वसईच्या किनारपट्टीवर जुलै-ऑगस्टमध्ये हवा सहज पंच्याऐंशीला टेकते. म्हणजे भट्टीत नीट वाळवून आणलेली फळीसुद्धा गाळ्यात नुसती भिंतीला टेकवून ठेवली तर काही आठवड्यांत पुन्हा ओली होत जाते.

ओल्या लाकडावर रेझिन ओतलं तर ते चिकटतच नाही असं नाही. ओतल्या दिवशी सगळं झकास दिसतं. फसगत नंतर कळते. वातानुकूलित खोलीत गेल्यावर लाकूड वाळतं आणि आक्रसतं, रेझिन मात्र आपल्या मापावर अडून बसतं. मग काठाला केसाएवढी फट पडते किंवा पाटा वाटीसारखा वाकतो. म्हणून पाचशे-हजार रुपयांपासून मिळणारा ओलावा मोजायचा मीटर या कामात रंध्याइतकाच गरजेचा आहे. झाडाची फळी उघड्यावर वाळवायची तर जुना ठोकताळा इंचाला एक वर्ष असा आहे. पावसाळ्यात रस्त्यावर कोसळलेल्या विलायती शिरिषाच्या ओंडक्यावर डोळा ठेवणाऱ्यांनी दिवाळीत टेबलाची स्वप्नं पाहू नयेत. शिवाय शहरातलं झाड म्हटलं की १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा आणि महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण आलंच. परवानगीचा कागद नसलेला ओंडका स्वस्त मिळतो, पण तो घेऊ नये.

दमट हवेचा दुसरा घाव रेझिनवर बसतो. रेझिन घट्ट करण्यासाठी त्यात मिसळायच्या हार्डनरमधली अमाइन रसायनं हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प यांच्याशी लगट करतात आणि पृष्ठभागावर पांढुरका, मेणचट थर येतो. तो न धुता वरून दुसरा थर दिला तर दोन्ही थर पुढे सुटतात. या सगळ्यामुळे इथे ओतकामाचा खरा मोसम नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा.

मग एप्रिल-मे का नको? हवा तर तेव्हा पावसाळ्याइतकी ओली नसते. तिथे उष्णता आडवी येते. रेझिन आणि हार्डनर एकत्र झाले की त्यांच्यातून उष्णता निघते. पातळ थरातून ती निघून जाते, जाड थरात आतच कोंडते. कोंडलेली उष्णता प्रक्रिया आणखी वेगवान करते आणि त्यातून आणखी उष्णता तयार होते. तापमान दर १० अंशांनी वाढलं की प्रक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. टेबलावर चकाकी आणायचं, काही मिलिमीटरच्या थरासाठीचं रेझिन कोणी दोन इंच ओतलं, तर ते पिवळं पडतं, तडकतं, प्रसंगी धूरही सोडतं. नदीसाठी हळू घट्ट होणारं 'डीप पोअर' रेझिनच लागतं. ते दोन-तीन दिवस घेतं आणि उन्हाळ्यात तेसुद्धा पहाटे ओतलेलं बरं.

मिसळण्यातला एक घोळ फायबरचं काम केलेल्यांकडून हमखास होतो. किनाऱ्यावरच्या होड्यांना जो फायबरचा थर देतात, त्यात बहुधा पॉलिएस्टर रेझिन असतं. त्यात हार्डनरचे थेंब थोडे कमीजास्त केले की घट्ट होण्याचा वेग बदलतो. इपॉक्सीत हार्डनर हा मिश्रणाचा बरोबरीचा भाग आहे, त्याचा रेणू रेझिनच्या रेणूला प्रत्यक्ष जोडला जातो. जास्त ओतला तर काम लवकर होत नाही, टेबल कायमचं चिकट राहतं. डब्यावर 'दोनास एक' लिहिलेलं असेल तर ते मापाने की वजनाने हेही पाहायला हवं. मापाने दोनास एक असलेलं मिश्रण वजनाने शंभरास पन्नास होत नाही, बेचाळीस-चव्वेचाळीसच्या आसपास येतं, कारण हार्डनर हलका असतो.

बाकीची कृती शिस्तीची आहे. सनमाइका लावलेल्या बोर्डाचा साचा, सांध्यांना सिलिकॉन, आतून टेप. लाकडाच्या कडांना आधी रेझिनचा पातळ हात, नाहीतर छिद्रांतली हवा बुडबुडे होऊन वर येत राहते. फळ्यांवर शिकंजे लावायलाच हवेत, कारण लाकूड रेझिनपेक्षा हलकं असतं आणि मोकळं सोडलं तर सरळ तरंगतं. साचा सोडल्यावर राऊटरने सपाटी, मग ८० नंबरच्या पॉलिशपेपरपासून चढत जाणारी घासाई.

या घासाईत आणि ओतण्यात कामगाराची कातडी पणाला लागते. घट्ट न झालेलं इपॉक्सी वारंवार हाताला लागलं तर त्याची ॲलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की ती सहसा जात नाही. नायट्राइलचे हातमोजे आणि धुळीचा मास्क यांचा खर्च टेबलाच्या किमतीपुढे किरकोळ आहे. तो वाचवणाऱ्या गाळ्यात काम देऊ नये.

घरी आल्यावर या टेबलाचे नखरे सुरू होतात. बरीच ओतीव रेझिनं ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात, तेव्हा कुकर किंवा आमटीचं पातेलं थेट नदीत ठेवायचं नाही. हळदीचा डाग पुसायला उशीर झाला तर तोही मुक्कामाला राहतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर काही वर्षांत निळा रंग हिरवटाकडे झुकतो, कारण पारदर्शक इपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं. या लेखापुरतं मत विचारलं तर नदी अरुंदच असावी, फार तर वीतभर. फूटभर रुंद निळ्या पट्ट्यात लाकूड पाहुणं होऊन बसतं, आणि पैसे प्लास्टिकचे मोजावे लागतात.

टेबल विकत घेताना पाहायची जागा मात्र वर नाही, खाली आहे. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. तीन फुटांच्या सागवानी पाट्यात कोरड्या दिवसांपासून पावसाळ्यापर्यंत पाच-सहा मिलिमीटरचा फरक पडू शकतो. चांगला कारागीर लोखंडी पायांच्या पट्टीला गोल भोकांऐवजी लांबट खाचा ठेवतो, म्हणजे बोल्टला सरकायला वाव मिळतो. वाकून बघितल्यावर गोल भोकं आणि आवळून बसवलेले स्क्रू दिसले, तर पाय त्याच गाळ्यात परत पाठवून खाचा पाडून घ्याव्यात, आणि ते काम जूनच्या आधी उरकावं.