रस्त्यावरचे हत्ती आणि रानातले हत्ती

वाळपईच्या बाजारात सकाळच्या प्रहरी एक फेरी मारली असता किती रानटी प्राणी दृष्टीस पडतात, याचा हिशोब आमच्या वाचकांनी कधी केला आहे काय? आम्ही चाकांवर चालणाऱ्या प्राण्यांविषयी बोलत आहोत. नारळ, सुपारी आणि केळीचे घड वाहून नेणारा 'छोटा हत्ती' तेथे असतो. अरुंद रस्त्यावर हॉर्न वाजवीत घुसणारी 'स्कॉर्पिओ' असते, आणि स्कॉर्पिओ म्हणजे विंचू. सेमिनरीत लॅटिन गिरविलेल्या माणसाला तर 'व्हेस्पा' ही स्कूटर आणि 'ॲपे' ही तीन चाकी मालगाडी पाहिली की हसू आल्यावाचून राहत नाही. 'व्हेस्पा' म्हणजे गांधीलमाशी आणि 'आपे' म्हणजे मधमाशी. पहिला शब्द लॅटिनमधून इटालियनमध्ये जसाच्या तसा उतरला, दुसरा 'आपिस' या लॅटिन शब्दाचे शेपूट तुटून झाला.

आमच्या धर्मग्रामातील काही तरुणांनी या गमतीतूनच एक छंद लावून घेतला आहे. त्यांनी एक जाडजूड वही केली असून तिच्या डाव्या पानावर वाहनाचे छायाचित्र व उजव्या पानावर त्याच नावाच्या, किंवा त्या नावाशी मिळत्याजुळत्या नावाच्या प्राण्याचे छायाचित्र चिकटवायचे, असा त्यांचा क्रम आहे. नियम दोनच. दोन्ही छायाचित्रे स्वतः काढलेली असावीत, आणि ती गोव्यात किंवा शेजारच्या तालुक्यांत काढलेली असावीत. वही हाती आली तेव्हा आम्हांस हा पोरखेळ वाटला होता. परंतु डावी पाने किती लवकर भरली आणि उजवी किती रिकामी राहिली, हे पाहिल्यावर तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटू लागले.

नावे कशी पडतात ते प्रथम पाहू. काही नावे कारखानदार देतात. पियाज्जो या इटालियन कंपनीने महायुद्धानंतर १९४६ साली आपली स्कूटर काढली. तिची निमुळती कंबर पाहून व घोंघावणे ऐकून ही तर गांधीलमाशीच, असे उद्गार मालक एन्रिको पियाज्जो यांनी काढल्याचे सांगतात. दोन वर्षांनी त्याच घराण्यात मधमाशी जन्मली. गांधीलमाशी मौजेची, तर मधमाशी कामाची. आपल्या देशात बजाज कंपनीने परवाना घेऊन व्हेस्पा बनविली आणि १९७२ पासून तिच्या जागी 'चेतक' आणला. पुढे पियाज्जोने बारामतीस स्वतःचा कारखाना काढला. म्हणजे वाळपईत दिसणारी 'ॲपे' ही इटालियन नावाची असली तरी बारामतीची लेक आहे!

उजव्या पानावरील मधमाशी मात्र अस्सल येथलीच निघाली. ढोलीत किंवा मातीच्या भिंतीच्या पोकळीत पोळे करणाऱ्या आपल्या लहान मधमाशीला मराठीत 'सातेरी' म्हणतात. सातेरी हे गोव्यातील वारुळरूप ग्रामदेवतेचेही नाव, आणि आमचा तालुका सत्तरी! तालुक्याचे नाव सत्तर गावांवरून पडले असे म्हणतात, तेव्हा या तिघांचा संबंध जोडण्याचे धाडस आम्ही करीत नाही. पण एका छायाचित्रातून इतकी नावे गुणगुणू लागावीत, हीही मौजच.

दुसऱ्या जातीची नावे लोक देतात, आणि आमच्या मते तीच अधिक नेमकी असतात. मुंबईच्या कुर्ला येथील प्रीमियर कारखान्यातून १९५४ पासून फियाट अकराशे ही गाडी बाहेर पडू लागली. तिचा गोलसर पुढचा भाग पाहून मराठी माणसाने तिला 'डुक्कर फियाट' म्हटले, ते नाव आजतागायत पुसलेले नाही. जर्मनीच्या फोक्सवॅगन गाडीलाही 'भुंगा' हे नाव कारखान्याने दिलेले नव्हते, लोकांनी दिले. पुढे कंपनीनेच ते स्वीकारले. तो भुंगा २००३ पर्यंत सुमारे दोन कोटी पंधरा लाखांच्या घरात जन्मला. आमच्या कुळागरांतील गेंड्या भुंगा त्याहून कमी उपजत असेल असे वाटत नाही. तो माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब कुरतडतो आणि झावळी उलगडली की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. त्याची अळी शेणखताच्या खड्ड्यात वाढते, म्हणून ज्याला त्याचे छायाचित्र हवे त्याने रानात न जाता आपल्या परसातील खत उकरावे. एका मुलाने तसे केले. छायाचित्रही मिळाले आणि वडिलांच्या माडांचा शत्रूही सापडला.

आता हत्तीकडे वळू. टाटा कंपनीने २००५ साली 'एस' नावाची चिमुकली मालगाडी बाजारात आणली. इंग्रजी नाव कागदोपत्री राहिले, लोकांनी तिला 'छोटा हत्ती' केले. सुमारे पाऊण टन ओझे ती सहज ओढते. खरा हत्ती दिवसाकाठी दीडशे किलोच्या आसपास चारा खातो, म्हणजे छोट्या हत्तीच्या एका खेपेचा पाचवा हिस्सा मोठ्या हत्तीच्या एका दिवसाच्या जेवणाला लागतो. हा हिशोब कागदावर गमतीचा वाटतो, शेतावर तो रडविणारा आहे. २००२ साली कर्नाटकाच्या दांडेलीकडील रानातून हत्ती दोडामार्ग-सावंतवाडी भागात उतरले आणि तेव्हापासून सिंधुदुर्ग व गोव्याच्या सीमेवरील बागायतदारांना सुखाची झोप नाही. एप्रिल २०२५ मध्ये दोडामार्गातील मोर्ले गावी हत्तीने एका शेतकऱ्याचा जीव घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरात 'ओंकार' नावाने ओळखला जाणारा एक तरुण हत्ती पेडण्यात शिरला आणि तांबोसे, मोप, तोरसे या गावांत भाताच्या उभ्या पिकात फिरू लागला. पाहणाऱ्यांची झुंबड उडाली. प्रत्येकाच्या हाती मोबाईल, आणि प्रत्येकाला हत्ती आपल्या खांद्यामागे उभा असलेला हवा!

आमचे तरुणही गेले. मात्र वनखात्याच्या माणसांनी लोकांना दूर थोपविले होते, आणि ते योग्यच होते. चिडलेल्या हत्तीपुढे माणूस धावून सुटत नाही. तेव्हा त्यांनी हत्तीचा नाद सोडून, तो निघून गेलेल्या शेतातील त्याच्या पावलाचा ठसा टिपला. चिखलातील खोलगट वाटोळा ठसा, त्यात साठलेले पाणी, काठाला आडवे झालेले भात. हत्तीच्या पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दुप्पट केला म्हणजे त्याची खांद्यापर्यंतची उंची साधारण मिळते, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून दोरीने मापही घेतले. त्या शेताचा धनी बांधावर उभा होता. तो म्हणाला, "बाबांनो, तुमचा छोटा हत्ती माझं भात बाजाराला नेतो, हा मोठा जागच्या जागी संपवतो. फोटो घ्या, पण खाली माझ्या भाताचंही नाव लिहा." मुलांनी ते लिहिले आहे. आमच्या मते साऱ्या वहीतील ते उत्तम पान होय.

विंचवाचे पान कसबाचे. स्कॉर्पिओ ही महिंद्रांची गाडी २००२ साली आली, तिचे छायाचित्र कोणासही काढता येईल. पण विंचू रात्रीचा, काळा, आणि जांभ्या दगडाच्या सांदीत बसणारा. येथे विज्ञान मदतीस येते. विंचवाच्या कवचात असे काही पदार्थ असतात की अतिनील किरणांच्या विजेरीचा झोत पडताच तो हिरवट-निळा उजळून निघतो. नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र उजळत नाही, कवच टणक होईपर्यंत त्याला वेळ लागतो. मुलांनी मोठ्यांना सोबत घेऊन, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, झडप उघडी ठेवण्याचा अवधी वाढवून हे छायाचित्र घेतले. विंचवाला हात लावला नाही, दगड उलथला नाही. सड्यावर असा उजळलेला जीव पाहताना अंगावर काटा येतो, आणि निर्मात्याने या विषारी प्राण्यालाही कसला झगा दिला आहे, असा विचार आमच्या मनात येऊन गेला.

एका नावाची मात्र तीन चित्रे लागली, 'हॅरियर'. मराठीत या शिकारी पक्ष्याला भोवत्या म्हणतात, आणि त्या नावातच त्याचे भोवती भोवती फिरणे ऐकू येते. हिवाळ्यात तो उत्तरेकडून येतो. करमळीच्या तळ्यावर, कापणी झालेल्या शेतांवर, पंख किंचित वर उचलून अगदी खालून संथ तरंगत जातो आणि एकाएकी गवतात कोसळतो. याच नावाचे 'सी हॅरियर' हे नौदलाचे विमान १९८३ च्या डिसेंबरात दाबोळीला आले आणि २०१६ च्या मे महिन्यात निवृत्त झाले. जागच्या जागी उभे उतरण्याची त्याची करामत दाबोळीच्या आसमंतातील माणसांनी तीन दशके पाहिली. आज ते बोगमाळोच्या वाटेवरील नौदलाच्या विमान-संग्रहालयात निश्चल उभे आहे, म्हणून त्याचे छायाचित्र सर्वांत सोपे! ज्या तळावरून ते उडाले त्याचे नाव 'हंस', आणि हंस काही गोव्याच्या पाण्यावर उतरत नाही. असो. तिसरा हॅरियर म्हणजे २०१९ च्या जानेवारीत आलेली टाटांची मोटार. मुलांनी मोटार आणि विमान एका दिवसात उरकले. पक्ष्यासाठी त्यांना तीन रविवार पहाटे उठावे लागले, आणि जे मिळाले ते एक अस्पष्ट तपकिरी पंख.

चित्त्याविषयी थोडक्यात सांगतो. 'चीता' नावाचे हेलिकॉप्टर आपल्या सैन्याकडे आहे, त्याच नावाच्या बसगाड्याही अशोक लेलँडने बनविल्या, पण खरा चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले होते. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडण्यात आले. म्हणजे मधली सत्तर वर्षे या नावाचे केवळ यंत्रच तेवढे देशात होते. मुलांच्या नियमाप्रमाणे हे पान अर्थातच बाद.

वाघाचे पान मात्र बाद करता येत नाही. डावीकडे त्यांनी 'टिगोर' ही मोटार चिकटविली आहे. नाव पुरते जुळत नाही, पण जवळ आहे. उजवीकडील पान कोरे आहे. वाळपईहून फार लांब नसलेल्या गोळावली गावी २०२० च्या जानेवारीत एक वाघीण व तिचे तीन बछडे मेलेले सापडले. गुरे मारल्याच्या रागातून विषप्रयोग झाल्याचे तपासात पुढे आले. ते १९९९ साली घोषित झालेल्या म्हादई अभयारण्यातील रान. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने येथे व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. आमच्या तालुक्यात या प्रश्नावर घराघरांत दोन मते आहेत. गाय हेच ज्याचे धन, त्याची गाय वाघाने नेली तर त्या रात्री त्याच्या घरी काय बोलणे होते ते शहरातल्या माणसाला सांगून कळणार नाही. आणि विषाने तडफडणाऱ्या बछड्यांचे समर्थन कोणत्याही तोंडाने करता येणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्या दोन्ही ऐकून घेणारा माणूस आम्हांस सभांतून क्वचितच आढळला. वनखात्याने स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेली वाघांची छायाचित्रे आहेत. एका मुलाने त्यांतले एक लावू या असे सुचविले, पण ते स्वतः काढलेले नाही म्हणून इतरांनी नाकारले. अभयारण्यात परवानगीवाचून शिरणे गुन्हा आहे, हेही आम्ही त्यांना बजावले आहे. कोरे पान तूर्त तसेच राहील.

राहता राहिली डुक्कर फियाट. येथे उलटाच प्रकार झाला! उजवे पान केव्हाच भरले, कारण रानडुकरे सत्तरीत कोणाच्या भातात उतरत नाहीत? माळ्यावर राखण करणाऱ्या एका शेतकऱ्याशेजारी बसून मुलांनी चार पिलांसह डुकरीण टिपली. डावे पान मात्र रिकामे आहे, कारण ती गाडी रस्त्यावरून दिसेनाशी झाली. डिचोली, म्हापसा अथवा पेडणे भागात आमच्या वाचकांपैकी कोणाच्या गाडीखान्यात अशी एखादी जुनी फियाट झाकून ठेवलेली असेल, मग ती चालत नसली तरी हरकत नाही, तर रविवारी मिस्सेनंतर आम्हांस कळवावे. मुले येऊन छायाचित्र काढतील आणि गाडी धुऊनही देतील, असे त्यांनी कबूल केले आहे.