तुऱ्याला लगाम

विष आणि औषध यांतील अंतर पुष्कळदां केवळ मात्रेचें असतें, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. बचनाग घातक खरा. पण शुद्ध करून बेतानें दिला असतां वैद्याच्या हातीं तोच उपकारक ठरतो. या न्यायाचा एक आधुनिक दाखला गॉल्फच्या मैदानावर पाहावयास सांपडतो.

या खेळांत चेंडू ज्या हिरवळीवरून अखेर खळग्यांत लोटावयाचा, तेथील गवत सुमारें ३ मिलिमीटर इतकें आंखूड राखतात. कॅलिफोर्नियांत १९१९ सालीं सुरू झालेल्या पेबल बीच मैदानाच्या हिरवळीवर 'पोआ ॲन्युआ' नांवाचें गवत आहे. या जातीस वसंतांत पांढुरके तुरे फुटतात, आणि नवल असें कीं, इतकें खालून कापलें तरी ते यावयाचे राहत नाहींत. तुऱ्यांवर चेंडू अडखळतो. शिवाय गवताची शक्ति बीजाकडे वळून मुळें दुबळीं होतात.

यावर तोड काय? अमेरिकेच्या दक्षिण भागांत रस्त्यांच्या कडेच्या 'बाहिया' गवतावर 'इमाझॅपिक' हें तणनाशक अत्यल्प प्रमाणांत फवारतात. वनस्पतीस लागणारीं कांहीं अमिनो आम्लें तयार होण्यास तें अडथळा करतें. मात्रा वाढली तर गवत मरतें. बेताची असली तर तें जगतें, परंतु तुरा धरीत नाहीं. गॉल्फच्या नाजूक हिरवळीस मात्र याहून सौम्य द्रव्यें लागतात. १९२६ सालीं कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, भाताचीं रोपें एका बुरशीच्या स्रावामुळें अवाजवी उंच होतात. पुढें त्या स्रावांतील द्रव्यास 'जिबरेलिन' हें नांव मिळालें. वनस्पति स्वतःही तें निर्माण करते. 'ट्रायनेक्सापॅक' ही निर्मितीच रोखतें, म्हणून पातें लांबत नाहीं. तुऱ्यासाठीं 'इथेफॉन' वापरतात. वनस्पतीच्या पेशींत त्यापासून इथिलीन वायु सुटतो.

परंतु हा लगाम हातीं धरणाऱ्यास वेळेचें भान हवें. तुरा बाहेर पडल्यावर इथेफॉन फवारणें व्यर्थ. तें त्याआधींच दिलें पाहिजे. ट्रायनेक्सापॅकचा अंमल ओसरला कीं दबलेलें गवत पूर्वीपेक्षांही वेगानें उसळतें. उष्णता जितकी अधिक, तितका हा अंमल लवकर संपतो. म्हणून जाणते माळी तारखेपेक्षां तपमानाचा हिशेब ठेवतात.

याहून मोठा प्रश्न औचित्याचा आहे. कॅनडांतील ऑंटॅरिओ प्रांतानें २००९ सालीं केवळ शोभेसाठीं तणनाशकें फवारण्यास मनाई केली, गॉल्फच्या मैदानांस मात्र कांहीं अटींवर सूट दिली. घरापुढील हिरवळीस जें वर्ज्य, तें खेळाच्या हिरवळीस कां चालावें? आमच्या मतें, सूट घेणाऱ्यांवर दुहेरी जबाबदारी येते: फवारणाऱ्या मजुराच्या हातांची आणि उतारावरील पाण्याची.

आणि हा विषय परक्या देशापुरता नाहीं. जिबरेलिनची निर्मिति रोखणारें 'पॅक्लोब्युट्राझोल' गॉल्फच्या हिरवळीवर पडतें, तेंच 'कल्टार' या नांवानें कोंकणांतील हापूसच्या बुंध्याशीं घालतात. तेथें हेतु उलट: वाढ आवरून मोहोर आणावयाचा. पण मात्रा चुकली तर फांद्या खुरटतात, मोहोर आंखडतो. झाड बोलत नाहीं. त्याचें मोजमाप आपणच ठेवावयाचें असतें.