दोघांचा श्वास, एक सूर

मंचावर बहुधा एकही वाद्य नसते. दहा गायक उभे राहतात, समोर पीटर फिलिप्स हात उचलतात आणि चार-पाच सुरावटी एकदम चालू लागतात. ‘टॅलिस स्कॉलर्स’ हा ब्रिटिश गायकवृंद गेली पन्नासहून अधिक वर्षे असाच गातो आहे.

फिलिप्स यांनी १९७३ साली ऑक्सफर्डमध्ये विद्यार्थिदशेतच तो उभा केला. नाव घेतले थॉमस टॅलिस यांचे. १५८५मध्ये वारलेल्या या इंग्रज रचनाकाराने आठव्या हेन्रीपासून पहिल्या एलिझाबेथपर्यंत चौघांची चाकरी केली. राज्यकर्त्यागणिक चर्चची भाषा लॅटिनची इंग्रजी, इंग्रजीची लॅटिन होत गेली. टॅलिस दोन्हींत लिहीत राहिले.

राग ऐकणाऱ्या आपल्या कानाला एकाच सुरावटीची सवय. इथे प्रत्येक सुरावट स्वतंत्र असते, कोणीच नुसती साथ करत नाही. टॅलिस यांच्या ‘स्पेम इन अलियम’मध्ये तर पाच-पाच जणांचे आठ गट, म्हणजे चाळीस सुरावटी!

हा वृंद एका सुरावटीला सहसा दोन गायक देतो. एकाने श्वास घेतला की दुसरा सूर धरून ठेवतो, त्यामुळे लांबलचक ओळ मध्येच तुटत नाही. पण दोघांचे स्वर जरा जरी वेगळे लागले, तरी लगेच उघडे पडतात. वरच्या पट्टीत चर्चच्या रूढीप्रमाणे मुलगे नव्हे, स्त्रिया गातात.

रचनाकार अलेग्री यांच्या ‘मिसेरेरे’ या स्तोत्राचे वृंदाने केलेले १९८०चे ध्वनिमुद्रण ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या चॅपलमधले. एक गट जवळ, चार जणांचा दुसरा दूर. त्या दूरच्या गटातून एक स्त्रीस्वर तारसप्तकात झेपावतो आणि दगडी छताखाली रेंगाळतो.

वृंदाने स्वतःची ‘गिमेल’ ही ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. रचनाकार जोस्कँ द प्रे यांच्या दोन मिस्सांच्या, म्हणजे चर्चच्या उपासनेसाठीच्या गायनरचनांच्या, मुद्रणाला १९८७मध्ये ‘ग्रामोफोन’ मासिकाचा वर्षातील सर्वोत्तम मुद्रिकेचा सन्मान मिळाला. प्राचीन संगीताला तो प्रथमच मिळत होता. पुढे जोस्कँ यांच्या अठराही मिस्सा ध्वनिमुद्रित झाल्या. ही मालिका २०२०मध्ये पूर्ण झाली.

हा वृंद जुन्यातच अडकला नाही. आधुनिक रचनाकार जॉन टॅव्हनर यांनी १९८४मध्ये त्याच्यासाठी ‘आयकॉन ऑफ लाइट’ रचले, तेही तीन तंतुवाद्यांसह. एस्टोनियाच्या आर्वो पॅर्ट यांच्या रचनांची मुद्रिका २०१५मध्ये आली. टॅलिस गाताना लागणारा स्वच्छ, न थरथरणारा सूर पॅर्ट यांच्या संथ रचनांनाही हवाच असतो.

ऐकायला ‘मिसेरेरे’पासून सुरुवात करा. पहिल्यांदा तो उंच स्वर ऐका. दुसऱ्यांदा मात्र मधली एखादी सुरावट धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका.