गाडी ऍव्हरेज किती देते?

‘ऍव्हरेज’ म्हणजे सरासरी. पण हा शब्द मराठीत आला तो पेट्रोल पंपावर उतरला आणि तिथेच राहिला. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, एवढ्यापुरताच आपण तो वापरतो, आणि तोही सरासरी न काढता! कोणालाही विचारा, ‘गाडी ऍव्हरेज किती देते?’ ‘वीस देते हो!’ हे उत्तर तयार असते. कोणत्या रस्त्यावर, किती ओझे घालून, कोणी मोजले, हे पुढे विचारणे असभ्यपणाचे ठरते.

मी मराठीचा प्राध्यापक. एरवी मी शब्दापाशीच थांबलो असतो. पण आमच्या संतोषने मला इंजिनापर्यंत ओढत नेले. संतोष माझा भाचा, नारायणगावचा. कर्जावर घेतलेली पिकअप गाडी आहे त्याची. टोमॅटोचे क्रेट भरून तो पुण्याच्या मार्केट यार्डात येतो. जाऊन-येऊन एकशेसाठ किलोमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे ४,०००. गाडी लिटरला बारा देते आणि डिझेल नव्वद रुपयांनी मिळते असे धरले, तर महिन्याला ३०,००० रुपये डिझेलमध्येच जळतात. हप्ता वेगळा.

आषाढात एका रात्री तो आमच्याकडे मुक्कामाला आला तो हर्षभरित होऊनच. इंजिनाचे ट्यूनिंग करून देणारे कोणी मिस्त्री भेटले होते. ‘बाराचे चौदा करून देतो,’ म्हणाले होते. मोबदला १८,००० रुपये.

‘मामा, महिन्याला चार हजार वाचतात. पाच महिन्यांत पैसे वसूल! पुढचं सगळं आपलंच.’

हिशेब बिनचूक होता. मात्र ते १८,००० हप्त्यासाठी बाजूला ठेवलेले होते, आणि ताईने मला फोनवर आधीच बजावले होते, ‘तुझं ऐकेल तो. थांबव त्याला.’ मी थांबवायला गेलो आणि ‘मामा, तुम्हाला त्यातलं काय कळतं?’ या एका प्रश्नात गारद झालो. खरेच काय कळत होते?

आठवड्याने गाडीत डबी बसली. आणि काय आश्चर्य! समोरच्या पडद्यावर ऍव्हरेजचा आकडा १३.८ दिसू लागला. गाडी घाटात नुसती उधळत होती. संतोषने पडद्याचा फोटो मला पाठवला, खाली एक शब्दही न लिहिता. ताईच्या घरी पेढे वाटले गेले.

माझा एक जुना विद्यार्थी इंजिनांच्या कारखान्यात आहे. (व्याकरणात तो कच्चा होता, देवाने त्याला योग्य ठिकाणी नेले.) त्याला फोटो दाखवला तर तो हसला. म्हणाला, ‘सर, आकडा पंपावर मोजायला सांगा. पडद्यावर नको.’

त्याने समजावले ते असे. आजच्या डिझेल इंजिनात किती इंधन, कोणत्या क्षणी आत फवारायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. नळीतला इंधनाचा दाब त्याला एक संवेदक कळवतो. ही डबी त्या दोघांच्या मध्ये बसते आणि दाब आहे त्यापेक्षा कमी कळवते. संगणक बिचारा दाब वाढवतो, आणि प्रत्येक फवाऱ्यात जास्त डिझेल जाते. जोर वाढतो, चालकाला तेवढ्याच वेगासाठी पाय कमी दाबावा लागतो. पडद्यावरचा आकडा मोजून आलेला नसतो. आपण किती इंधन दिले याची संगणकाची जी समजूत, तिच्यावरून तो काढलेला असतो. समजूतच चुकीची करून दिल्यावर आकडा सुधारणारच! जमाखर्च लिहिणाऱ्यालाच फसवले, की वही नफा दाखवते.

मग सगळेच ट्यूनिंग थोतांड काय? तसेही नाही. काही जण डबी न बसवता संगणकातली कोष्टकेच नव्याने लिहितात. डिझेल थोडे लवकर फवारले तर थोडी बचत खरोखर साधते. पण त्याने आतले तापमान चढते आणि धुरात नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे वाढतात. ती आवरण्यासाठीच कारखानदार तो क्षण मागे ओढतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले, ते याच धुरासाठी. म्हणजे ही बचत इंजिनातून निघत नाही. मागून चालणाऱ्याच्या फुप्फुसातून निघते. मोठ्या कारखान्यांनाही हा मोह आवरला नव्हता. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारी तपासणीत स्वच्छ आणि रस्त्यावर मळकट धूर सोडत होत्या. २०१५ मध्ये ते उघड झाले. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत तो कावा भरलेला होता.

संतोषला हे कसे सांगावे? फक्त म्हणालो, ‘अरे, टाकी काठोकाठ भर, किलोमीटर लिही, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भर, आणि भागाकार कर. पाच टाक्यांचा.’ मामाचे तोंड बंद करण्यासाठी म्हणून का होईना, त्याने केला. पाच टाक्यांची सरासरी आली १२.१. डबी बसवण्याआधीच्या पावत्या ताईने दिव्याखालच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्यांवरून निघाली १२.०.

दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. पैसे परत मागायला गेला, तर मिस्त्रींनी पडद्याकडे बोट दाखवले.

पुढे त्या विद्यार्थ्यानेच गाडी पाहिली. चाकांत हवा कमी, हवेची गाळणी धुळीने भरलेली, आणि रिकाम्या परतीच्या वाटेवर ताडपत्रीचे शीड फुगलेले. शिवाय संतोष परतताना ऐंशीने यायचा. साठऐवजी ऐंशीने गेले की हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. हवा भरायला पैसे पडले नाहीत; गाळणीला थोडे पडले. साठचा वेग मात्र महाग पडला. घरी पोचायला वीस मिनिटे उशीर होतो आणि बायको फोन करते.

डबी आता आमच्या माळ्यावर आहे. पडद्यावर संतोषने काळी चिकटपट्टी लावली आहे, आणि गाडीच्या कप्प्यात ताईने दिलेली दोनशे पानी वही असते. गेल्या रविवारी आला तेव्हा मी विचारले, ‘ऍव्हरेज किती देते रे?’

‘थांबा मामा,’ म्हणून तो वही आणायला खाली गेला.