जीवशास्त्राची पदवी : विषयांची आखणी प्रवेशाआधीच व्हावी

बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत एकाच विषयाची चर्चा सुरू होते. जीवशास्त्र घेऊन बारावी झालेल्या मुलामुलींपैकी बहुतेकांचे लक्ष वैद्यकीय प्रवेशाकडे असते. तो मिळाला नाही की 'मग बी.एस्सी. करू' असा निर्णय एका संध्याकाळी होतो आणि दुसऱ्या दिवशी जवळच्या महाविद्यालयाचा अर्ज भरला जातो. पदवीच्या वर्षांत कोणते विषय घ्यायचे, कोणत्या क्रमाने घ्यायचे आणि ते घेऊन पुढे कोठे जाता येईल, हा विचार त्या गडबडीत राहून जातो.

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी आपल्या वडिलांसह आमच्याकडे आली होती. जुन्या पद्धतीनुसार तिने वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केली होती व गुणही उत्तम होते. तिला जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करावयाची होती. परंतु पहिल्या वर्षानंतर तिने रसायनशास्त्र सोडले होते, आणि जेथे तिला प्रवेश हवा होता तेथे पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत तो विषय असणे बंधनकारक होते. 'हे आम्हाला पहिल्याच वर्षी कुणी का सांगितले नाही?' असे वडिलांनी विचारले. त्यांच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच आहे.

पूर्वी मुंबई विद्यापीठात पहिल्या वर्षी तीन विषय, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी एक, अशी सर्वसाधारण रीत होती. 2020 साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले. महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून व संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून पदवीची नवी रचना लागू झाली. आता मेजर म्हणजे मुख्य विषय आणि मायनर म्हणजे जोडविषय असतो. त्यांच्या सोबतीला इतर विद्याशाखेतील ऐच्छिक विषय, भाषा, कौशल्यविषय, भारतीय ज्ञानपरंपरा, क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण येते. हे सारे श्रेयांकांत मोजले जाते. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान 160 श्रेयांक लागतात. एका सत्रात साधारणपणे 20 ते 22 श्रेयांक येतात.

श्रेयांक म्हणजे गुण नव्हेत, तर वेळेचे माप आहे, हे पालकांनी प्रथम ध्यानात घ्यावे. तासिकांचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात 15 तास, तर प्रात्यक्षिकांचा एक श्रेयांक म्हणजे 30 तास. पंधरा आठवड्यांच्या सत्रात 22 श्रेयांकांपैकी सहा प्रात्यक्षिकांचे असतील, तर आठवड्याला तासिकांचे 16 व प्रयोगशाळेचे 12, असे 28 तास महाविद्यालयात जातात. विरार-चर्चगेट लोकलचा प्रवास ह्यात धरलेला नाही. जर्नल लिहिण्याचा वेळही धरलेला नाही, आणि ज्याने जीवशास्त्राची जर्नल पूर्ण केली आहे त्याला ती किती रात्री खाते हे ठाऊक असते. म्हणूनच सकाळी कॉलेज आणि दुपारी नोकरी असा बेत करणाऱ्याने प्रवेश घेण्याआधी प्रात्यक्षिकांच्या बॅचची वेळ विचारून घ्यावी. कला किंवा वाणिज्य शाखेतील मित्राचे वेळापत्रक पाहून आपला अंदाज बांधू नये.

आता सर्वांत नाजूक मुद्द्याकडे येऊ, तो म्हणजे गणित आणि रसायनशास्त्र. 'मला गणित जमत नाही म्हणून मी बायोलॉजी घेतले', हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचे आश्चर्य वाटत नाही, पण खेद मात्र वाटतो. जीवशास्त्र म्हणजे केवळ आकृत्या आणि पाठांतर, हा समज शाळेतून येतो व पदवीच्या दुसऱ्या वर्षी मोडतो. आनुवंशिकता, परिसंस्थाशास्त्र, रोगप्रसाराचा अभ्यास, जनुकांच्या माहितीचे संगणकीय विश्लेषण ह्यांपैकी काहीही संख्याशास्त्राविना पुढे सरकत नाही. पेशीच्या आत जे घडते ते तर रसायनशास्त्रच आहे.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण एका मठातील आहे. ग्रेगोर मेंडेल हे ब्रनो येथील संत अगस्तीनच्या संघाचे धर्मगुरू होते. 1850 साली ते शिक्षकांची पात्रता परीक्षा नापास झाले. त्यानंतर मठाधिपतींनी त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात धाडले. तेथे 1851 ते 1853 ह्या काळात त्यांनी कोणते विषय घेतले ते पाहण्यासारखे आहे. ध्वनी व प्रकाशावरील संशोधनामुळे ज्यांचे नाव आजही घेतले जाते त्या ख्रिस्तियन डॉपलर ह्यांच्याकडे त्यांनी भौतिकशास्त्र घेतले, आंद्रेआस फॉन एटिंग्सहाउझेन ह्यांच्या हाताखाली ते गणिताची पद्धत शिकले आणि फ्रान्झ उंगर ह्यांच्याकडे वनस्पतिशास्त्र. परत आल्यावर मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्यावर प्रयोग केले. त्या काळात रोपांचे संकर करणारे अनेक होते, पण दुसऱ्या पिढीतील दाणे मोजून 5474 गोल व 1850 सुरकुतलेले अशी नोंद ठेवणारे आणि त्या दोन आकड्यांत तीनास एक हे प्रमाण पाहणारे मेंडेलच निघाले. 1866 साली त्यांचा निबंध छापून आला, परंतु त्याचे मोल जगाला 1900 साली कळले. व्हिएन्नाला त्यांनी केवळ वनस्पतिशास्त्रच घेतले असते, तर ते दाणे मोजावेत असे त्यांना सुचले असते का, ह्याची आम्हांस शंका आहे.

अकरावीत प्रवेश घेणाऱ्यांनी म्हणूनच शक्य असल्यास जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवावे. पुण्यातील आयसर ह्यांसारख्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित ह्या चारही विषयांवर समान प्रश्न असतात. पदवीनंतर आयआयटीत एम.एस्सी.साठी जी जॅम परीक्षा घेतली जाते, तिच्या जैवतंत्रज्ञान विषयाच्या अभ्यासक्रमातही बारावीच्या पातळीचे गणित आणि भौतिकशास्त्र येते. ज्यांनी गणित सोडलेच आहे त्यांनी मात्र निराश होण्याचे कारण नाही. जेथे संख्याशास्त्र किंवा जैवसंख्याशास्त्र कौशल्यविषय म्हणून उपलब्ध असेल तेथे तो पहिल्या दोन वर्षांतच घ्यावा. 'स्वयम्' ह्या शासकीय मंचावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांकही पदवीत धरले जाऊ शकतात. मात्र कोणता अभ्यासक्रम चालेल हे महाविद्यालयाकडून आधी लेखी विचारून घ्यावे. अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

मायनरची निवड बहुतेक ठिकाणी वेळापत्रक पाहून किंवा मैत्रिणीने काय घेतले ते पाहून होते. आमच्या मते ती पुढचे दार पाहून करावी. ज्यांना सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन, औषधनिर्मिती उद्योगातील गुणवत्ता तपासणी ह्या बाजूला जावयाचे आहे, त्यांनी मायनर म्हणून रसायनशास्त्रच घ्यावे, त्यात दुमत असण्याचे कारण दिसत नाही. निसर्गसंवर्धन अथवा मत्स्यविज्ञानाकडे ओढा असणाऱ्याने प्राणिशास्त्राला वनस्पतिशास्त्राची किंवा भूगोलाची जोड दिली तरी चालेल. मत्स्यविज्ञानासाठी तर वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, आणि कोळीवाड्यांतील किती मुलांना ती ठाऊक आहे कोण जाणे. महाविद्यालयात कोणत्या जोड्या मिळतात ह्यात बराच फरक आढळतो. तेव्हा केवळ घराजवळ आहे म्हणून महाविद्यालय निवडण्याआधी तेथील जोड्यांची यादी मागून घ्यावी.

विषयांच्या क्रमाविषयी फार सांगण्याची गरज नाही, कारण बराचसा क्रम विद्यापीठच ठरवते. पेशीविज्ञान आधी, त्यानंतर आनुवंशिकता, मग रेणवीय जीवशास्त्र आणि शेवटी जैवतंत्रज्ञान, ही पायरी मोडू नये एवढेच. पहिल्या वर्षी एखादा विषय ए.टी.के.टी.वर ओढत नेला, तर त्यावर उभे असलेले पुढचे दोन विषयही डळमळतात. पेशीविज्ञान राहिलेले असताना रेणवीय जीवशास्त्राचे पुस्तक उघडणाऱ्याची काय अवस्था होते ती आम्ही पाहिली आहे.

क्षेत्रप्रकल्पाच्या बाबतीत मात्र ऋतूंचा विचार अवश्य करावा, आणि येथेच पुष्कळ विद्यार्थी फसतात. कोकणपट्टीतील अनेक लहान वनस्पती पावसाळ्यातच उगवतात, फुलतात आणि दिवाळीच्या सुमारास नाहीशा होतात. तुंगारेश्वरच्या किंवा बोरिवलीच्या जंगलातील वनस्पतींवर प्रकल्प करावयाचा, तर तो जून ते सप्टेंबरच्या सत्रात ठेवला पाहिजे. मार्चमध्ये तेथे वाळलेल्या काड्या मिळतील. ह्याउलट बंदरावर उतरणाऱ्या मासळीचा अभ्यास जूनमध्ये सुरू करता येत नाही. राज्याच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा अर्नाळ्याच्या किंवा नायगावच्या धक्क्यावर वही घेऊन उभे राहून हाती काही लागणार नाही. खडकाळ किनाऱ्यावरील जीव पाहावयाचे असतील तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी गाठावी. पाणी तेव्हाच दूरवर हटते, भांगाच्या दिवसांत तितके हटत नाही. हे शिक्षकांपेक्षा घरातील आजोबा अधिक चांगले सांगतील. वनस्पतींचे नमुने दाबून, वाळवून जतन कसे करतात हे समजून घ्यावयाचे असल्यास मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात येशूसंघीय फादर ब्लाटर ह्यांच्या नावाने ओळखले जाणारे हर्बेरियम आहे.

पालकांपैकी काहींच्या मनात अजून बेडकाच्या विच्छेदनाची आठवण आहे आणि मुलीला ते जमेल की नाही ही चिंता. ती आता सोडावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 साली प्राण्यांचे विच्छेदन बंद करण्याचे निर्देश दिले. आज त्या जागी प्रतिकृती व संगणक आले आहेत.

चौथ्या वर्षाबद्दल बराच गोंधळ आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते व मग एम.एस्सी. दोन वर्षांची होते. चौथे वर्ष केल्यास ऑनर्स पदवी मिळते आणि त्यानंतरची एम.एस्सी. एका वर्षाची. म्हणजे एकूण वर्षे पाचच. संशोधनासह ऑनर्स हवी असेल, तर पहिल्या सहा सत्रांत किमान 75 टक्के गुण लागतात आणि 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. ह्याचा अर्थ असा, की संशोधनाकडे वळू इच्छिणाऱ्याने पहिल्या सत्राचे गुणही हलके मानू नयेत. 'पहिले वर्ष काय, पास झालो म्हणजे झाले', हा जुना सल्ला आता घातक ठरतो. आपल्या महाविद्यालयात आपल्या विषयाचे चौथे वर्ष सुरू होणार आहे का, हेही विचारावे. ते सर्वत्र असेलच असे गृहीत धरू नये.

पहिल्या वर्षानंतर 40 श्रेयांकांवर प्रमाणपत्र व दुसऱ्या वर्षानंतर 80 श्रेयांकांवर पदविका घेऊन शिक्षण थांबवता येते. त्यासाठी चार श्रेयांकांचा जादा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा प्रशिक्षण करावे लागते. घरची अडचण असलेल्यांना ह्या सोयीचा आधार आहे, परंतु एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर प्रयोगशाळेत नोकरी मिळेल अशी आशा कुणी दाखवीत असेल तर आम्ही त्यास दुजोरा देणार नाही. वैद्यकीय प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचे काम हवे असेल, तर त्याचा अभ्यासक्रम वेगळा आहे व बारावीनंतर थेट तोच घ्यावा.

शेवटी एक किरकोळ वाटणारी गोष्ट. मिळालेले श्रेयांक आता अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याच्या नावे जमा होतात. महाविद्यालय बदलताना किंवा मध्ये खंड पडल्यास तीच नोंद कामी येते. अर्जावरील नाव, आधारवरील नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव ह्यांत फरक असेल तर जमा होण्यात अडचण येऊ शकते. आपल्याकडे आडनावांची स्पेलिंगे घरातल्या दोन भावांचीही कधी कधी वेगळी असतात. प्रवेशाच्या गर्दीआधी, मे महिन्यातच, ती दुरुस्त करून घ्यावीत आणि प्रत्येक सत्राचा निकाल लागल्यावर श्रेयांक खात्यात आले की नाही ते डिजिलॉकरमध्ये पाहावे.