समानार्थता आणि उपयोजन : ‘इन जेपर्डी’चे उदाहरण

समानार्थी शब्द सर्वत्र एकमेकांच्या जागी बसत नाहीत. भाषांतर करताना हे विशेष जाणवते. ‘इन जेपर्डी’ या इंग्रजी शब्दप्रयोगाच्या आधारे हे तत्त्व समजून घेऊ. त्याचा ढोबळ अर्थ ‘धोक्यात’ असा असून ‘इन डेंजर’, ‘ॲट रिस्क’ आणि ‘इन पेरिल’ हे त्याचे निकटचे पर्याय होत.

‘जेपर्डी’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘विभागलेला डाव’ या अर्थाच्या शब्दबंधातून आला. ज्या डावात हार व जीत यांची शक्यता सारखीच, तो हा डाव. म्हणून हाती असलेले गमावण्याची शक्यता हा त्याच्या अर्थाचा गाभा आहे. नोकरी, करार, शांतता या गोष्टी ‘इन जेपर्डी’ असतात. पुरात अडकलेला माणूस मात्र बहुधा ‘इन डेंजर’ असतो. ‘ॲट रिस्क’मध्ये संकटाची केवळ शक्यता सूचित होते, म्हणून वैद्यकात तो प्रयोग रूढ आहे. ‘इन पेरिल’ला गंभीर, ग्रांथिक छटा आहे.

मराठीतही असेच भेद आहेत. माणूस संकटात सापडतो, नोकरी धोक्यात येते, जोखीम पत्करली जाते. ‘पणाला लावणे’ हा प्रयोगही खेळातूनच, म्हणजे द्यूतातून आला. तरीही तो ‘जेपर्डी’चा सरसकट पर्याय नव्हे. ‘आजारपणामुळे तिची नोकरी धोक्यात आली’ आणि ‘सत्यासाठी तिने नोकरी पणाला लावली’ ही वाक्ये ताडून पाहा. दुसऱ्या वाक्यात कर्त्याची इच्छा आहे, पहिल्यात नाही.

शब्दनिवडीचे परिणाम व्यवहारात दिसतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, तर धोका पातळी ४५ फूट मानली जाते. दोन्हींसाठी एकच शब्द योजला, तर सावध कधी व्हायचे आणि धोका प्रत्यक्ष कधी आला, हे नदीकाठच्या माणसाला कळणार नाही. कायद्यातील ‘डबल जेपर्डी’चे ‘दुहेरी धोका’ हे भाषांतरही दिशाभूल करते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २०(२) नुसार एकाच अपराधासाठी एकाहून अधिक वेळा खटला चालवून शिक्षा करता येत नाही. येथे दोन धोके नसून एकाच धोक्याची पुनरावृत्ती अभिप्रेत आहे.

म्हणून भाषांतर करताना तीन प्रश्न विचारावेत : काय गमावले जाऊ शकते? धोका प्रत्यक्ष आहे की संभाव्य? तो ओढवला आहे की पत्करला आहे?

स्वयं-अध्ययन : ‘धोका’, ‘संकट’, ‘जोखीम’ आणि ‘पणाला लावणे’ यांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करा. नंतर त्यांची अदलाबदल करून अर्थात पडणारा फरक नोंदवा.