दाखल्यावरचा शेरा

पोराला शाळेतून हाकलले, असे कागदावर सहसा सापडत नाही. वस्तीतले पालक मला जे दाखले दाखवतात त्यांवर शाळा सोडल्याचे कारण असते 'पालकाच्या विनंतीवरून', नाहीतर 'सततची गैरहजेरी'. पोर मारामारी करते, उलट बोलते, असे बापाला ऐकवले जाते. गुमान दाखला न्या, शेरा चांगला देतो, असेही समजावले जाते. मजुरीचा आणखी खाडा नको म्हणून बाप सही करतो. हकालपट्टी होते आणि हाकलणारा कोणीच उरत नाही!

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे मान्य करूनही मुंबई सरकारने त्याला दाद दिली नाही. पण नकार निदान उघड होता. आज त्या नकाराखाली आपल्याच माणसाची सही असते.

म्हणून माझे पहिले सांगणे, सही करू नका. काढायचे तर लेखी द्या म्हणा. ते लेखी देणार नाहीत, कारण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पुरी होईपर्यंत मुलाला काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत मागे ठेवण्याची मुभा आली, काढण्याची नव्हे. ही गल्लत मास्तर मंडळीही करतात.

सही होऊन गेली असली तरी पोर घरी बसवू नये. जवळच्या जिल्हा परिषदेच्या वा नगरपालिकेच्या शाळेत न्यावे. दाखला मिळाला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. उलट दाखला रखडवणारा मुख्याध्यापकच शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो, असे कलम ५ म्हणते. मध्ये वर्षे वाया गेली असतील तर कलम ४ बघावे. माझ्या मते सगळ्यात मोलाचे तेच. तेरा वर्षांच्या पोराला चौथीच्या लहानग्यांत बसवले की आठवड्यात ते वीटभट्टीवर दिसते. कायदा म्हणतो, वयाला साजेशा वर्गात घ्या आणि राहिलेले शिकवायला विशेष प्रशिक्षण द्या. ते मागून घ्यावे लागते, आपणहून कोणी देत नाही.

तरीही अडवले तर कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे वा नगरपालिकेकडे लेखी तक्रार करावी, पोच घ्यावी. निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे.

आठवीनंतर मात्र हे कवच संपते. नववीतल्या पोरीला काढले तर यातले एकही कलम दाखवता येत नाही. तिच्यासाठी आजही चारजणांनी शाळेच्या दारात जाऊन बसावे लागते.